अंगणातली दगडी वाट: दगड कशाने जोडायचा?

घरात दगडी वाट करायची ठरली की दगड निवडायला अख्खं घर निघतं. कोटा घ्यायचा की लाल सँडस्टोन, पॉलिश हवं की खडबडीत, तुकडा दोन फुटी की दीड फुटी, यात दोन रविवार सहज जातात. मग काम सुरू होतं आणि मिस्त्री विचारतो, "भैया, जोड किससे भरना है?" तेव्हा सगळे एकमेकांकडे पाहतात आणि उत्तर येतं, "सिमेंटच की, आणखी काय!" विषय संपतो.

मंडळी, माझं म्हणणं असं की खरा विषय तिथेच सुरू होतो. दगड स्वतः क्वचितच बिघडतो. बिघडतो तो जोड. फरशी हलते, सांध्यातून गवत येतं, कोपरा खचतो, पावसात खाली डबकं साचतं, या सगळ्या तक्रारी जोडाच्या किंवा पायाच्या असतात. आणि जोडाला लागणारा माल किती? आमच्या घरची वाट १२ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद, म्हणजे १४.४ चौरस मीटर. दोन फुटी फरशी, सांधा १० मिलिमीटर रुंद आणि २५ मिलिमीटर खोल धरला तर सगळ्या सांध्यांची लांबी होते साधारण ४८ मीटर आणि त्यात भरायचा माल फक्त १२ लिटर. एक बादली! वाट वीस वर्षं टिकणार की तीन, यात या एका बादलीचा वाटा फार मोठा असतो.

आमचं घर फ्रीगंजात, टावर चौकापासून चालत काही मिनिटांवर. जुन्या वळणाचं घर, पुढे अंगण, एका बाजूला कडुलिंब, मागे तुळस. मागच्या हिवाळ्यात फाटकापासून मागच्या पायरीपर्यंत वाट करायची ठरली. कारण साधं होतं. आजी आता वॉकर घेऊन चालते, आणि संध्याकाळी तुळशीपाशी दिवा लावायला ती स्वतःच जाते. दुसरं कुणी लावलेला तिला चालत नाही. पावसाळ्यात चिखल, उन्हाळ्यात भेगा, आणि मध्ये वॉकरचे चार पाय. ही वाट शोभेसाठी नव्हती.

घरात मतं तीन. बाबांचं म्हणणं, "सिमेंट घाला, पक्कं काम करा, पुन्हा बघायला नको." इंग्लंडमधली ताई रोज एक व्हिडिओ पाठवायची, त्यात गोट्यांची खडी पारदर्शक रेझिनमध्ये कालवून गालिच्यासारखी पसरतात. आणि आजी म्हणाली, "आपल्या ओसरीच्या फरश्या ठेवल्यात ना, त्या वापरा आधी."

या ओसरीच्या फरश्यांनीच मला विचार करायला लावलं. आजोबांच्या वेळची ओसरी काही वर्षांपूर्वी उतरवली, तेव्हा चुन्यात बसवलेल्या फरश्या पहारीच्या टोकाने अलगद, अख्ख्या निघाल्या. मधल्या एका दुरुस्तीत काही फरश्या सिमेंटमध्ये बसवल्या होत्या. त्या निघताना तुटल्या, कारण सिमेंटने फरशी सोडली नाही, फरशीच फाटली. दगड तोच, वय तेच. फरक जोडाचा.

आधी खालची जमीन बघा

कोणताही माल निवडण्याआधी वाटेखाली काय आहे ते बघावं लागतं. आपल्या माळव्यात आहे काळी माती. ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि भेगाळते. उज्जैनला वर्षाला साधारण ९०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. मग मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. म्हणजे वाटेखालची जमीन दर वर्षी एकदा वर येते आणि एकदा खाली बसते. तिच्यावर थेट फरशी ठेवून वरून कितीही महाग माल ओतला तरी उपयोग नाही.

पाण्याचा हिशोबही मांडून बघा. आमच्या एवढ्याशा वाटेवर वर्षभरात सुमारे १३ हजार लिटर पाणी पडतं. पन्नास मिलिमीटरची एक जोरदार सर आली तर एका दुपारी ७२० लिटर. हे पाणी कुठे जाणार? सांध्यातून खाली मुरणार, बाजूच्या मातीत जाणार, की घराच्या भिंतीकडे वळणार? जोडाचा माल या प्रश्नाचं उत्तर ठरवतो.

म्हणून पाया असा: आधी काळी माती फूटभर काढायची. तळ ठोकून त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, म्हणजे खालची माती वर येऊन गिट्टीत मिसळत नाही. मग मुरूम, मग गिट्टी, दोन-तीन थरांत पाणी मारून ठोकायची. दोन्ही कडांना उभ्या दगडांची किंवा विटांची कड, नाहीतर सगळा पाया बाजूला सरकतो. रुंदीत उतार साठाला एक. आमच्या १.२ मीटरच्या रुंदीला हा उतार २० मिलिमीटर येतो. डोळ्याला दिसत नाही, वॉकरला जाणवत नाही, पाण्याला मात्र कळतो. आणि उतार घराच्या उलट दिशेला.

इथे एक नियम लक्षात ठेवावा, जगभरचे फरसबंदी करणारे तो पाळतात: कडक पायावर कडक जोड, लवचिक पायावर लवचिक जोड. गिट्टी-वाळूचा पाया थोडा हलतो. त्यावर सिमेंटने फरश्या जखडल्या तर पाया हलतो, जोड हलत नाही, आणि पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढी भेग पडते. त्या भेगेतून पाणी आत जातं, परत येऊ शकत नाही, आणि पुढचं सगळं ओघाने होतं. सिमेंट वाईट म्हणून असं होत नाही. जोडी चुकली म्हणून होतं.

सिमेंट

सिमेंटचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे ते कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं आणि प्रत्येक मिस्त्रीला येतं. खाली काँक्रीटचा कडक थर असेल, वरून गाडी जाणार असेल, तर सिमेंटला पर्याय शोधायची गरज नाही.

अडचण त्याच्या ताकदीचीच आहे. पोत्यावर '५३ ग्रेड' लिहिलेलं असतं, म्हणजे ठरावीक पद्धतीने केलेला ठोकळा २८ दिवसांनी ५३ मेगापास्कल दाब सोसतो. युरोपात नैसर्गिक जलचुन्याची '३.५' नावाची प्रत असते. तिच्या ठोकळ्याची ताकद त्याच २८ दिवसांनी ३.५ ते १० मेगापास्कल. आपल्याला वाटतं, जास्त म्हणजे चांगलं. पण जोड दगडापेक्षा कडक आणि घट्ट झाला की ताण आला की तुटतो दगड. शिवाय दाट सिमेंटमधून ओल बाहेर पडत नाही. मग ती दगडातून बाहेर पडते, सोबत क्षार आणते, आणि दगडाच्या कडेला पांढरा खार फुटतो. सँडस्टोनसारख्या सच्छिद्र दगडाचे तर पापुद्रे सुटायला लागतात. जुन्या वाड्यात, देवळात सिमेंटने दर्जा भरलेल्या भिंती नीट बघा. सांधा शाबूत आणि दगड खाल्लेला, असं दृश्य हमखास दिसेल.

आणखी एक सूचना. काम झाल्यावर फरशीवरचे सिमेंटचे डाग घालवायला कामगार ॲसिड ओततात. कोटा हा चुनखडीचा दगड आहे. ॲसिड डागाबरोबर फरशीचं तोंडही खातं आणि सांधाही. डाग ओला असतानाच स्पंजने पुसायला लावा.

चुना आणि सुरखी

चुनखडी साधारण ९०० अंशांवर भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवला की बांधकामाचा चुना. हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत तो हळूहळू पुन्हा चुनखडी बनतो. म्हणजे दगडापासून निघून परत दगडाकडे जाणारा माल. त्यात भाजक्या विटेची भुकटी, म्हणजे सुरखी, घातली की तो ओलाव्यातही घट्ट होतो. जुने कारागीर त्यात गूळ, बेलफळ, मेथी, उडीद घालायचे आणि चुना बैलाच्या घाणीत मळायचे.

चुन्याचा जोड थोडा हलणं सहन करतो, ओल बाहेर सोडतो, आणि बारीक भेगा काही प्रमाणात स्वतःच बुजवतो, कारण आत राहिलेला चुना पाण्याबरोबर भेगेत उतरून तिथे पुन्हा जमतो. आणि गरज पडली तर छिन्नीने खरवडून काढता येतो, दगडाला धक्का न लावता. सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हा बदल 'रोलबॅक' करता येतो.

दोष? वेळ लागतो. भर उन्हात आणि भर पावसात काम होत नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंतचा काळ उत्तम. आठवडाभर तरी ओली पोती टाकून सावलीत ठेवावं लागतं. चुना ताजा हवा. उघड्या पोत्यातला, हवा लागलेला, रंगाच्या दुकानातला जुना चुना या कामाचा नाही. भारतीय मानक आयएस ७१२ मध्ये बांधकामाच्या चुन्याचे वर्ग दिलेत, ते विचारून घ्यावेत. आणि ओला चुना डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. हातमोजे, चष्मा आणि पोरं लांब, यात तडजोड नाही.

पॉलिमर वाळू

बारीक वाळूत कोरडा पॉलिमर मिसळलेला असतो. सांध्यात झाडूने भरायची, थोपटायची, वरून बारीक फवारा. पाणी लागलं की पॉलिमर जागा होतो आणि वाळू धरून ठेवतो. लवचिक पायावरच्या पेव्हर ब्लॉकला आणि अरुंद सांध्याला चांगली. गवत आणि मुंग्यांना काही काळ अटकाव होतो.

पण भरताना फरश्या पूर्ण कोरड्या हव्यात आणि नंतर दिवसभर तरी पाऊस नको. वर राहिलेली धूळ नीट झाडली नाही तर फवाऱ्यानंतर फरशीवर दुधट पडदा बसतो, तो निघता निघत नाही. पाणी तुंबणाऱ्या जागी ही वाळू मऊ पडून वाहून जाते.

रेझिन

ताईच्या व्हिडिओतला हा प्रकार. यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने विकल्या जातात, म्हणून सावध. पहिल्यात प्रत्येक खडा पॉलियुरेथेन रेझिनमध्ये कालवून थापीने पसरतात. खड्यांमध्ये पोकळ्या राहतात, त्यातून पाणी खाली जातं. दुसऱ्यात खाली रेझिनचा सलग थर ओतून वर खडी भुरभुरतात. दिसायला सारखंच, पण पाणी अजिबात मुरत नाही. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: "वरून बादलीभर पाणी ओतलं तर ते खाली जाईल का?"

इंग्लंडमध्ये पहिला प्रकार इतका का चालतो यालाही कारण आहे. १ ऑक्टोबर २००८ पासून तिथे घरापुढच्या बागेत ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागा पाणी न मुरणारी करून ते पाणी रस्त्यावर सोडायचं असेल तर परवानगी लागते. रस्त्यावर पाणी तुंबू नये म्हणून हा नियम. ताईच्या व्हिडिओमागे असा कायदा आहे, नुसती फॅशन नाही.

आमच्या वाटेला १५ मिलिमीटरचा थर धरला तर १०० किलो खडीला साधारण ७ किलो या हिशोबाने जवळपास २५ किलो रेझिन लागलं असतं. पण खालचा पायाही पाणी सोडणारा आणि घट्ट हवा, नुसत्या गिट्टीवर हा थर टिकत नाही. रेझिन दोन जातींचं असतं: ॲलिफॅटिक उन्हात रंग टिकवतं, ॲरोमॅटिक स्वस्त पण पिवळं पडतं. इपॉक्सीही उन्हात पिवळं पडतं. आपल्या मे महिन्यात हा फरक लवकर दिसेल. काम चालू असताना ओलावा लागला तर पॉलियुरेथेन फेसाळतं. आमच्या एका नातेवाइकांकडे ठेकेदाराने ऐन श्रावणात काम उरकलं आणि पूर्ण पट्टा फोडांनी भरला. दुरुस्तीला पुन्हा तोच माल, तीच माणसं, तोच रंग लागतो. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीच्या हाताला ते येणार नव्हतं, आणि माझ्या दृष्टीने हाच मुद्दा निर्णायक ठरला.

मोकळ्या खडीवर झारीने ओतायचं दुधासारखं द्रव बाइंडरही मिळतं. कुंड्यांभोवतीची खडी जागेवर ठेवायला ते छान. रोजच्या चालीला मात्र कमी पडतं आणि काही वर्षांनी पुन्हा ओतावं लागतं.

आणि चक्क इसबगोल

हे वाचून घरात सगळे हसले होते. पण गोष्ट खरी आहे. अमेरिकेत बागेतल्या आणि उद्यानांतल्या वाटा करताना ग्रॅनाइटच्या बारीक कचीत इसबगोलाच्या भुशीची पूड मिसळतात. पाणी लागलं की पूड फुगून चिकट होते आणि कणांना धरते. वाळली की घट्ट. पुन्हा पाऊस आला की पुन्हा फुगते, त्यामुळे बारीक भेगा आपोआप बुजतात. प्रमाण टनाला साधारण ६-७ किलो.

आता गंमत बघा. हे इसबगोल पिकतं कुठे? आपल्या शेजारी. नीमच-मंदसौर भागात त्याची शेती होते आणि नीमचची मंडी इसबगोलासाठी प्रसिद्ध आहे. पोटाच्या तक्रारींवर घरोघरी असलेली ही भुशी वाटेच्या कामाला येते, हे आपल्याला व्हिडिओतून कळावं याचं थोडं नवल वाटलं.

मर्यादा स्पष्ट आहेत. तीव्र उतार, पाणी साचणारी जागा, वाहन, यातलं काही असेल तर नको. झाडाखाली, जिथे मुळांना हवा आणि पाणी हवं, तिथे मात्र याच्याइतकं सौम्य काही नाही. चुरी आणि पूड कोरडी असतानाच नीट मिसळायची, पसरून भरपूर पाणी द्यायचं, आणि चिकटपणा थोडा ओसरला की मग ठोकायची.

आपल्याच जुन्या कामांनी काय सांगितलं?

जोड दगडाहून मऊ हवा, ही माझी थिअरी नाही. आपल्या शहरातली वेधशाळाच बघा. अठराव्या शतकात सवाई जयसिंगांनी ती बांधली. पितळी यंत्रं आकारमान, झीज आणि डळमळीतपणा यामुळे भरवशाची नाहीत असं त्यांचं मत झालं, म्हणून त्यांनी दगड-चुन्याची स्थिर यंत्रं उभारली. सूर्याची सावली मोजणाऱ्या भिंती चुन्याच्या भरवशावर उभ्या केल्या! पुढे १९२३ मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी त्यांची दुरुस्ती करवली. दोनशे वर्षांनी दुरुस्ती करता आली, हाही त्या बांधकामाचाच गुण.

महाकाळाचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी पुन्हा उभारलं, हे उज्जैनच्या मराठी घरांत लहानपणापासून सांगितलं जातं. आपण मुलांना नावं आणि सनावळ्या सांगतो, पण हे दगड एकमेकांना धरून कसे राहिले हे सांगत नाही. ते काम पोर्टलँड सिमेंटच्या आधीचं. त्या सिमेंटचं पेटंटच १८२४ चं.

तिकडे मालवणच्या समुद्रात सिंधुदुर्ग. २५ नोव्हेंबर १६६४ ला कामाला सुरुवात झाली. पायाच्या चिऱ्यांत शिसं ओतलं होतं. शिसं म्हणजे नखाने ओरखडा पडेल इतका मऊ धातू. लाटांचा मार रोज बसणाऱ्या पायाला त्यांनी दगडाहून मऊ पदार्थाने धरलं, जो खाऱ्या पाण्यात सहज गंजत नाही आणि दगडाशी भांडत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात सिंधुदुर्गही आहे. मुलांना किल्ला दाखवायला नेलं की बुरुजांबरोबर सांधेही दाखवा.

आम्ही काय केलं

सगळं मांडल्यावर लक्षात आलं की वाट एक असली तरी तिचे तुकडे तीन आहेत. म्हणून उत्तरंही तीन.

फाटकाजवळचे ३ मीटर, जिथे स्कूटर वळते आणि सिलिंडर आदळतो, तिथे १०० मिलिमीटर काँक्रीट आणि त्यावर खडबडीत कोटा, सिमेंटच्या जोडात. बाबांचा शब्द राहिला. हा कडक तुकडा संपतो तिथे पुढच्या तुकड्यापासून अलग राहावा म्हणून बोटभर मोकळा सांधा ठेवला.

मधले ६ मीटर आजीच्या ओसरीच्या फरश्या. दोन-दोनच्या दहा ओळी, बरोबर वीस. गिट्टीच्या पायावर चुरीचा थर, त्यावर फरशी, आणि सांध्यात एक भाग चुना, एक भाग सुरखी, दोन भाग चाळलेली वाळू. सांधे फरशीच्या पातळीत भरले, खोलगट नाही, कारण वॉकरचा पाय खोलगट सांध्यात अडकतो. या सगळ्याला माल लागला सहा लिटर, म्हणजे अर्धी बादली.

कडुलिंबाखालचे शेवटचे ३ मीटर चुरी आणि इसबगोल, ७५ मिलिमीटर जाडीचा थर. अर्धा टन चुरीला साडेतीन किलो पूड. पन्हळीखालची हातभर जागा पावसात मऊ पडणार आणि तिथे दर वर्षी एक घमेलं चुरी टाकायची, हे आधीच धरलं होतं. पाऊस झाला, तसंच झालं, आणि दसऱ्याआधी एक घमेलं टाकलं.

बाबा अजून म्हणतात, "सगळं सिमेंट केलं असतं तर हे घमेलं वाचलं असतं." मी म्हणतो, "बाबा, तुम्ही घमेलं मोजताय, मी फरश्या मोजतोय." विसाच्या वीस अजून अख्ख्या आहेत, आणि उद्या कुणाला उचलाव्या लागल्या तर अख्ख्याच निघतील.

तुमच्याकडे काम निघणार असेल तर

२०२८ च्या सिंहस्थामुळे शहरात सगळीकडे बांधकामं चालू आहेत. त्याच लाटेत घरचीही कामं निघतात आणि घाईत ठरतात. घाई करायचीच असेल तर दगडाच्या रंगात करा, जोडात नको. दुकानात जाण्याआधी घरी बसून एवढी उत्तरं लिहून काढा:

१. खालचा पाया कडक आहे की लवचिक? जोड त्याच जातीचा हवा.

२. पडलेलं पाणी कुठे जाणार? घराच्या भिंतीकडे जात असेल तर आधी उतार, मग माल.

३. वरून कोण जाणार? चारचाकी, वॉकर, की सकाळी फुलं वेचणारे पाय?

४. दगड मऊ आहे की कणखर? मऊ, सच्छिद्र दगडाला सिमेंट सगळ्यात जास्त जड जातं.

५. पाच वर्षांनी दुरुस्ती कोण करणार? तो माणूस आणि तो माल तुमच्या गावात मिळतो का?

६. उद्या हे उचलावं लागलं तर दगड वाचेल का?

आणि कोणत्याही जाहिरातीवर विश्वास ठेवण्याआधी पाटी-चाचणी करा. लाकडी फळ्यांच्या फूटभर रुंद चौकटी करा, तुम्ही निवडलेलाच दगड आणि निवडलेलेच दोन-तीन माल त्यात भरा, आणि गच्चीवर ठेवा. आठवडाभर ऊन, मग रोज बादलीभर पाणी. किल्लीने सांधा खरवडून बघा. ओल्या पाटीवर चप्पल घालून उभं राहा, घसरतं का बघा, कारण पॉलिश केलेला कोटा ओला झाला की ज्येष्ठांचा वैरी होतो. शेवटी दगड उचकटून बघा, काय आधी सुटतं, जोड की दगड? जोड सुटला तर माल योग्य.

घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांनाही विचारा. जुन्या ओसरीत, परसात, विहिरीच्या थारोळ्यात काय वापरलं होतं ते त्यांना आठवत असतं, आणि कारागिराचं नावही. उज्जैन, इंदूर, देवास, धार, ग्वाल्हेर, आपल्या मराठी घरांमध्ये अजून अशा फरश्या मागच्या अंगणात रचून ठेवलेल्या आहेत. त्या भंगारात देण्याआधी एकदा मोजा. वीस निघाल्या तरी सहा मीटरची वाट होते. जोडायला लागेल अर्धी बादली चुना आणि हिवाळ्यातला एक आठवडा.